नुसती चिठ्ठी होती हो ती!

अहो काका, घड्याळाकडे कितीही बघा, ही गाडी आत्ता नाही सुटायची! कंडक्टरला विचारताय? तो बघा, स्टँडच्या खांबाआड उभा राहून खांब धरून ठेवतोय. ड्रायव्हर तर इंजिन बंद करून जो उतरला तो दिसेनासाच झाला, आणि चहा प्यायला गेला असेल म्हणावं, तर पोलादपुरात आज चहाची एक टपरी उघडी दाखवा मला... एक! पानवाला बंद, सायकलवाला बंद, मेडिकलसुद्धा अर्धं शटर! आणि एवढी हजार माणसं रस्त्यावर, तरी आवाज आहे का कुठे? हीच तर भीती आहे. आमचं गाव ओरडत असेल तेव्हा खुशाल डबा उघडून जेवायला बसावं, पण गप्प झालं की... काकू, तेवढी खिडकी लावून घ्या. नाही, उन्हासाठी नाही.

डावीकडचे दिसतात ते मालोजीशेठचे. उजवीकडचे रामजीशेठचे. मध्ये आपली गाडी. दोन्हीकडे एकेक ट्रॉली आहे बघा, गुलालाच्या पोत्यांची. त्या पोत्यांच्या खाली काय आहे ते मी सांगत नाही, पण ते लांब असतं आणि बांबूचं असतं. समोरच्या पिवळ्या इमारतीत पंचायत समितीची मतमोजणी झाली, दोघांच्या उमेदवारांना सारखी मतं पडली, दोन हजार एकशे सेहेचाळीस आणि दोन हजार एकशे सेहेचाळीस, तीनदा मोजली तरी तीच! आता काय करायचं? कायद्यात लिहिलंय, चिठ्ठी टाकायची! हसताय? हसा. पण मी चिठ्ठीला हसत नाही. कारण हे जे सगळं समोर दिसतंय ना, ही गर्दी, ही शांतता, ते बांबू, हे सुरू झालं तेसुद्धा एका चिठ्ठीवरूनच, आणि तुम्हाला सांगतो, देवाशप्पथ सांगतो, नुसती चिठ्ठी होती हो ती!

काय पुकारतायत? "उमेदवार गंधार गंगाधर, असाल तिथून हजर व्हा"... असेल कोणी बिचारा. पुकारू दे.

तर मी सहा वर्षं दिल्लीत शिकलो. तिकडे आमचं चर्चामंडळ होतं, आणि त्याचा एकच नियम: विषय ठरला की डब्यात दोन चिठ्ठ्या टाकायच्या, एक या बाजूची, एक त्या बाजूची, आणि चिठ्ठीत जी बाजू येईल ती शेवटपर्यंत लढवायची, स्वतःला पटो न पटो! केवढं थोर! माणूस विरुद्ध बाजूच्या कातडीत शिरतो! मी तिथेच ठरवलं, नोकरीबिकरी नाही, गावी जायचं, तरुणांना बोलायला शिकवायचं, तालुका बदलून टाकायचा. बाबांना सांगितलं. बाबा निवृत्त मास्तर. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "अरे, आपल्याकडे माणसं मनातलं बोलत नाहीत म्हणून तर एका विहिरीचं पाणी पितात." मी म्हटलं, बाबा, हा पराभूत विचार झाला! त्यावर त्यांनी चष्मा परत काढला. तेव्हाच कळायला हवं होतं मला.

दर रविवारी सकाळी, शाळेमागच्या मैदानावर. तिथे मी वेल्डिंगवाल्याकडून घमेल्याच्या कडेची रिंग करून घेतली होती, बास्केटबॉलची. आमची चौकडी: मी, मेडिकलवाला देवव्रत, हायस्कूलवर शिकवणारी श्रिया, आणि सुनील. सुनील म्हणजे उमरठच्याही वर डोंगरावर जी वाडी आहे, एकसष्ट उंबरे, तिथला. गुरं, शेळ्या, थोडी नाचणी. लहानपणापासून चुकल्या शेळीमागे दगड टाकायची सवय, त्यामुळे त्याचा बॉल रिंगला शिवायचाही नाही, सरळ आत! आमचा मित्र, शाळेपासूनचा. आठवीत मला ताप आला होता तर डोंगर उतरून वह्या आणून द्यायचा. हे लक्षात ठेवा.

पहिला विषय मी मुद्दाम हलका घेतला. तेव्हा ती एक नटी आणि तो एक क्रिकेटवाला, यांचं तुटलं होतं, पेपरात रोज यायचं. चूक कोणाची? श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. देवव्रतला आला क्रिकेटवाला, श्रियाला आली नटी. आता या दोघांचं लग्न ठरलेलं, वैशाखातली तारीख, हॉल सांगून झालेला! देवव्रत म्हणाला, "बाईनं थोडं समजून घ्यायला काय हरकत होती?" श्रिया म्हणाली, "सगळं बाईनंच समजून घ्यायचं? आणि परवा तुझी आई बोलली ते?" मी टाळ्या वाजवतोय! म्हटलं वा, काय रंगतंय! पंधरा दिवसांनी लग्न मोडलं. देवव्रतकडचे सांगत फिरायला लागले, मुलगी नटीच्या बाजूची आहे. मी दोन्ही घरी गेलो, पाया पडलो, म्हटलं अहो, तिला ती बाजू डब्यातून आली, नुसती चिठ्ठी होती हो ती! श्रियाची आई दारातूनच म्हणाली, "चिठ्ठी तुझी, पण तोंड तिचंच ना?" आणि दार लावलं.

इथे एखादा शहाणा माणूस थांबला असता. पण मी दिल्लीचा!

पुढचा विषय, कबड्डी की बास्केटबॉल. मला बास्केटबॉल आला. मी अर्धा तास बोललो. सोमवारी सकाळी जाऊन बघतो तर रिंग कापलेली. चोरलेली नाही हो... कापून, दोन तुकडे करून, तिथेच भिंतीखाली नीट शेजारी-शेजारी मांडून ठेवलेली. चोरी झाली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्याच्या पुढचा, नवीन रॅपची गाणी. मी मुंबईहून कॅसेट आणली होती. हे संगीत की बडबड? सुनीलला 'संगीत' आलं, आणि तो उठून म्हणाला, "ह्यात नवीन काय हाय? आमच्याकडं शक्ती-तुऱ्यात दोन शाहीर समोरासमोर उभं ऱ्हातात, चालीवर एकमेकाची सालं काढतात, ह्ये तेच हाय, फकस्त पँट ढगळी." आणि त्यानं गुरं हाकायच्या आवाजात तिथल्या तिथे जे म्हटलंय, मैदानाबाहेरची माणसं थांबली! मी अंगात आल्यासारखा नाचलो. पण त्या दिवशी त्याची आई आली होती, धोंडूबाई, बाजाराला आलेली, पाटी शेजारी ठेवून ऐकत बसलेली. ती जाताना मला म्हणाली, "पोरा, चिठ्ठीनं बाजू वाटतोस, ता बरा नाय. आमच्यात जो तुऱ्यात उभा ऱ्हायला तो मरस्तवर तुरेवाला. तो परत शक्तीत येत नाय, त्याचं पोरगंबी येत नाय." मी समजावलं, धोंडूबाई, ते जुनं झालं, आता विचारांचं स्वातंत्र्य! ती म्हणाली, "हां, आसंल," आणि पाटी डोक्यावर घेतली.

परत पुकारतायत. "शेवटची सूचना"... शेवटची ही चौथी.

आणि मग तो रविवार. विषय मी निवडला, मीच, कोणी सांगितलं नव्हतं: मालोजीशेठ की रामजीशेठ? हे दोघे सख्खे मावसभाऊ. भांडण कशावरून? तर एका लग्नपत्रिकेत रामजीशेठचं नाव मालोजीशेठच्या खाली छापलं, आणि टाईप बारीक घेतला. बास! अकरा वर्षं झाली, तालुक्यातल्या दोन पतपेढ्या, दोन दहीहंड्या, दोन रुग्णवाहिका, अगदी स्मशानात बसायला बाकंसुद्धा दोन्हीकडून वेगळी! म्हटलं या वैराची मोकळी चर्चा झालीच पाहिजे. त्या दिवशी मैदानाच्या कडेला एक पांढरी जीप उभी होती. आतले दोघे उतरले नाहीत. काच फक्त बोटभर खाली. मला वाटलं, वा, श्रोते वाढले!

चिठ्ठ्या काढल्या. मला मालोजीशेठ, सुनीलला रामजीशेठ. मी बोललो, बरं बोललो, रस्ते, पूल, आकडेवारी. मग सुनील उठला. चिठ्ठी घडी करून खिशात घातली. आणि मग म्हणाला, "मागल्या पावसाळ्यात माझी आजारी आय खाली आणली. दोन बांबू, एक घोंगडी, चार मानसं. पाय निसटला तर पाच मेली असती. आमच्या वाडीचा रस्ता मालोजीशेठनी दिला म्हनतात. दिला नाय. दाखवला. तीन वर्सं दाखवतायत. खडी टाकतात, फोटो काढतात, थांबतात. रामजीशेठ चांगलं का वाईट मला म्हाईत नाय. पन तेनी आजून आमाला काय दाखवलं नाय, येवढा तेंचा गुन."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मीसुद्धा नाही. कारण तुम्हाला सांगतो, मला तिथे पहिल्यांदा वाटलं, की हा डब्यातून आलेल्या बाजूनं बोलत नाहीये... मग जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

मंगळवारी मालोजीशेठचा रोलर खाली आला. तुम्ही डोंगरावरून रोलर उतरताना बघितलाय का कधी? बघू नका. वाडीच्या रस्त्यावर तो महिनाभर काम करत होता, यंदा खरंच होणार असं दिसत होतं, अडीच किलोमीटरच उरला होता. तो सकाळी वळला आणि उतरायला लागला. माणूस चालतो त्याच्याहून हळू. धाड धाड धाड. प्रत्येक वळणावर दिसतो, मग जातो, मग परत खालच्या वळणावर दिसतो. उमरठात बायका भांडी घासता घासता उभ्या राहिल्या. शाळा सुटली. कोणी विचारलं नाही कुठे चाललाय, सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना हेही माहीत होतं की कोणाच्या तोंडामुळे. दिवसभर उतरत होता तो, दिवसभर! आणि सुनील वाडीच्या तोंडाशी दगडावर बसून बघत होता. मी धापा टाकत वर गेलो, म्हटलं सुन्या, मी जातो शेठकडे, सांगतो, नुसती चिठ्ठी होती! तो रोलरकडेच बघत राहिला. धोंडूबाई बोलली. "तुज्या चिठ्ठीनं तो उतारलाय. आता चिठ्ठीनंच वर चढंव."

गेलो. मालोजीशेठ पडवीत झोपाळ्यावर, सुपारी कातरत. मी सगळं सांगितलं, दिल्ली, चर्चामंडळ, नियम, विरुद्ध बाजूची कातडी. ते ऐकत होते. मध्ये फक्त अडकित्ता. कट्. फार शांतपणे म्हणाले, "म्हंजे सुनील आपल्या मनानं नाय बोलला?"

"नाही शेठ! चिठ्ठीत जे आलं ते!"

कट्. "आनि तुजी चिठ्ठी कुनाची निघाली व्हती?"

"तुमची."

"बोललास आमच्या बाजूनं?"

"बोललो की. अर्धा तास."

"मंग तू आमचाच झालास." कट्. "ऐक बाला. वाडीला रस्ता पायजे ना? माघात निवडणूक हाय. तू शिकलेला, मास्तरांचा पोर, नाव सोच्छ. उभा ऱ्हा. निवडून आलास तर दुसऱ्या दिवशी रोलर वर. पडलास, तर त्यो ऱ्हाईल हितं आंगनात. नातवंडं खेळतील."

मी म्हटलं, शेठ, हे अन्यायाचं आहे! ते म्हणाले, "हाय. चा घे." आणि मी घेतला हो, तो चहा मी घेतला! दुसऱ्या दिवशी चौकात बॅनर, माझ्या कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो एवढा मोठा केलेला की नाकपुडीत माणूस मावेल, खाली 'तालुका उपाध्यक्ष'. हां... तर काका, टोपी काढतो. तोच मी. गंधार गंगाधर. ओरडू नका, हळू! आणि तुम्ही मागचे, उठून बघू नका, बाहेर कळेल!

अहो, माझं ऐका तरी! मग रामजीशेठ कसे गप्प बसतील? त्यांनी सुनीलला उभं केलं. 'वाडीचा वाघ'! वाघ कसला, तीन दिवस तो घरातून बाहेर येत नव्हता. पण त्याच्या दारात चाळीस मोटारसायकली जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्या परत जाईनात. आठ महिने, आठ महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. बाजारात समोरून आला की त्याच्या बाजूचे दोघे त्याला वळवायचे, माझ्या बाजूचे दोघे मला. एकदा वीर स्टेशनवर एकाच रिक्षात बसायची वेळ आली, तर रिक्षावाल्यानं हात जोडले, "साहेब, दोगातलं एक कोनतरी उतरा, माझी काच नवी हाय."

आणि वाडीची दशा बघा. सुनील जिंकला तर पोरगा आपला, पण रस्ता गेला. सुनील पडला तर रस्ता आला, पण पोराला आपणच पाडलं. धोंडूबाईचे गुडघे थंडीत धरलेले, ती मतदानाला डोलीतून उतरली. तेच दोन बांबू, तीच घोंगडी. कोणाला मत दिलं विचारलं तर म्हणाली, "मला वाचाया येत नाय." चिन्ह तर येतं ना ओळखायला! पण पुढे विचारायची कोणाची छाती?

आता तुम्ही विचाराल, तू स्वतः कोणाला दिलंस? हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, तुम्ही गाडीतली माणसं, तुम्हाला चिपळूणला उतरायचंय म्हणून सांगतो. मी सुनीलला दिलं. शिक्का हातात घेतला आणि आठवीतल्या त्या वह्या आठवल्या, आणि मारला त्याच्या चिन्हावर. वाटलं, एका मतानं काय होतंय! आणि आज दुपारी, तिसरी मोजणी संपली, टेबलाच्या एका बाजूला मी, एका बाजूला तो, साहेब आकडा लिहितायत, तर सुनील आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून, ओठ न हलवता म्हणतो, "मी तुला दिला रे."

कळलं का? त्यानं मला दिलं, मी त्याला दिलं! दोघांतल्या एकानं जरी सरळ स्वतःच्या नावावर मारलं असतं तर दोन मतांनी निकाल लागून गुलाल उधळून, तुम्ही आत्ता कशेडीचा घाट उतरला असतात!

आणि तेवढ्यात साहेब म्हणाले, "चिठ्ठी टाकू. दोघेही समोर पाहिजेत." तहसीलदार नवीन आहेत, घाबरलेत. मी म्हटलं लघवीला जाऊन येतो... आणि मागच्या खिडकीतून, भिंतीवरून, या गाडीत. बॅग सकाळपासून इथे ठेवली होती. म्हणजे माझ्या मनात आधीच होतं की काय, ते मलाही माहीत नाही. तिकीट काढलंय, हे बघा. चिपळूणहून रात्रीची गाडी पकडून दिल्ली. मी जिंकलो तर उजवीकडचे पोती उलटी करणार आणि पुढची पाच वर्षं मी तो अडकित्ता ऐकणार. हरलो तर रोलर अंगणात. म्हणून म्हटलं, आपण गाडीतच बसावं. पण काय झालंय, मी गेल्याशिवाय चिठ्ठी निघत नाही, चिठ्ठी निघाल्याशिवाय गर्दी हलत नाही, गर्दी हलल्याशिवाय गाडी सुटत नाही, आणि गाडीत मी!... शिव्या देऊ नका काका, मला पटतंय.

थांबा. कोणीतरी पायरीवर चढलं.

सुनील.

तुला कसं कळलं मी इथे? ...बॅग बघितलीस सकाळी? मग तेव्हाच का नाही बोललास? ...अरे बस, बस इथे, आठ महिन्यांनी बसतोयस शेजारी. मागे कोण? साहेब? साहेब तुम्ही कशाला, मी येतच होतो... इथेच? गाडीत? बरोबर आहे, ही गाडी तेवढी दोघांचीही नाही. आणि हे काय हातात... सुन्या, हा तर आपला डबा! श्रीखंडाचा! तू अजून ठेवलायस?

टाका साहेब, दोन्ही चिठ्ठ्या टाका. घडी सारखी घाला. काढणार कोण? पोलीस नको, पोलिसांतही दोन गट आहेत. बाहेरचं माणूस हवं, या तालुक्यात कोणीच नसलेलं... काकू! तुम्ही! खिडकीजवळच्या. तुमचं कोणी इथे आहे? मेहुणे, चुलते, पत्रिकेत नाव? नाही ना? मग घाला हात. घाबरू नका हो. मागची मंडळी, श्वास सोडा, काढा काकू, नुसती चिठ्ठी आहे ती.

...साहेबांकडे द्या. मी बघत नाही. वाचा.

माझं नाव? नीट वाचा साहेब. माझंच?

ऐकलंत? डावीकडे गुलाल उडाला. उजवीकडे... काहीच आवाज नाही. पोती हलतायत का हो? मला दिसत नाही इथून. सुन्या, थांब, तू कुठे चाललास, त्यांच्यासमोर एकटा कशाला उभा... काय म्हणतोय तो? "मानलं"? पायरीवरून ओरडतोय, "मी मानलं, घरी जावा!" ...कोणी हलत नाहीये. हलत नाहीये. ...एक गेला. दुसरा गेला. बाकीचे अजून उभेच आहेत. उद्या काय, परवा काय, ते तुम्हाला दिसणार नाही, तुम्ही पुढे जाल. पण तो आवाज ऐका. धाड धाड धाड. शेठनी रोलर दुपारीच गरम करून ठेवला होता. म्हणजे मतदानापासून खालीच थांबलेल्या धोंडूबाईची डोली वर जाईल तेव्हा रोलर तिच्या मागेच असेल.

हो रे सुन्या, येतो, ओढू नको. पाच वर्षं! अरे, मला शेठची बाजू पटत तरी आहे का?

काय म्हणाला ऐकलंत ना? "चिठ्ठीत जी येईल ती शेवटपर्यंत लढवायची, पटो न पटो. नियम कुनाचा?"

माझाच.

कंडक्टर, मारा बेल, सोडा गाडी. तिकिटाचं राहू द्या. काकू, मी खाली उतरतो, तेवढी माझी बॅग खिडकीतून द्या.